शहराकडे चला, पण कोणत्या शहराकडे?

खेड्यातून बाहेर पडा, हे बाबासाहेबांचं सांगणं आपल्या प्रत्येक वाडीत पोचलेलं आहे. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत त्यांनी खेड्यांच्या गौरवाची जी चिरफाड केली, ती गावकीच्या भक्तांना आजही झोंबते. पण 'शहर' म्हटलं की आपल्याला फक्त मुंबई दिसते, आणि इथेच आपण फसतो.

माझ्या घरचंच सांगतो. आजोबा कर्जत तालुक्यातल्या बौद्धवाडीतून गिरणीत गेले. नायगावच्या बीडीडी चाळीत १६० चौरस फुटांच्या खोलीत सात गाववाले. वडील गावातच राहिले, पण पहाटेची लोकल पकडून ठाण्याला कामाला. मी समाजशास्त्रात एम.ए. केलं ते रोज चार तास गाडीत घालवून. निम्मी पुस्तकं गाडीतच वाचून झाली, तेवढाच फायदा! तीन पिढ्यांत मुंबईवरचं अवलंबणं सुटलं नाही.

उलट मुंबईने आमच्याकडून काय काय नेलं? १९१५ ला खोपोलीत आणि १९२२ ला भिवपुरीत टाटांची वीज तयार होऊ लागली, ती मुंबईच्या गिरण्या चालवायला. मोरबे धरण खालापूर तालुक्यात, मालकी नवी मुंबई महापालिकेची. रेल्वे तर १८५६ लाच खोपोलीपर्यंत आली होती. आज कर्जत-खोपोली मार्ग एकेरी आहे, आणि गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर बसायचं.

मुंबईवरचा भार कमी करायचा म्हणून १९७० ला सिडको स्थापन झाली, नवी मुंबई उभी राहिली. आता तो भार घाटाच्या पायथ्याशी येऊन टेकलाय. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला सुमारे ३३ लाख होती, २०११ ला ती ३१ लाखांवर आली. गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. गिरणगावातली किती घरं अंबरनाथ-बदलापूरला गेली, हे आपल्या नातेवाइकांत मोजून बघा.

म्हणजे लहान शहरांची लोकसंख्या वाढवा असं कोणी म्हणालं, की मी आधी विचारतो, कोणाची? नेरळपासून चौकपर्यंत 'सेकंड होम'चे फलक लागलेत. त्या घरांत शनिवारी रात्री दिवे लागतात, सोमवारी कुलूप. आपल्या पोरांना तिथे वॉचमनची नोकरी, कातकरी बायांना झाडलोट. घरं वाढली म्हणजे शहर वाढलं असं नाही.

एक कार्यकर्ता मित्र मला म्हणाला, "लहान गावात जात पाठ सोडत नाही. मुंबईत निदान गर्दीत हरवता येतं." त्याचं खोटं नाही. खोली भाड्याने मागायला गेलं की आडनाव विचारतात, आडनावावरून कळलं नाही तर वाडी विचारतात. पण मला यातून उलटाच निष्कर्ष दिसतो. २०११ च्या जनगणनेत कर्जतची वस्ती सुमारे ३० हजार, खोपोलीची सुमारे ७१ हजार. एवढ्याशा गावात घरमालकाला तुमच्या आजोबांचं नाव माहीत असतं. हीच शहरं दोन-तीन लाखांची झाली, बाहेरचे कामगार, नर्स, शिक्षक, विद्यार्थी इथे राहायला आले, तर ती ओळख पुसट होईल. म्हणून लोकसंख्यावाढ हा आपला प्रश्न आहे. माणसं यावीत, पण राहायला आणि कमवायला यावीत.

बाबासाहेबांनी नुसतं 'निघा' म्हटलं नव्हतं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहतींसाठी सेटलमेंट कमिशन मागितलं, म्हणजे जायचं कुठे आणि जमीन कोण देणार याचाही विचार केला. मुंबईत १९४६ ला सिद्धार्थ महाविद्यालय काढल्यावर पुढचं महाविद्यालय त्यांनी १९५० ला औरंगाबादला काढलं, निजामाच्या राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या मराठवाड्यात. पुढे तेच मिलिंद महाविद्यालय झालं. ते नसतं तर मराठवाड्यातली किती पोरं शिकली असती? नागसेनवन उभं राहिलं आणि खेड्यातल्या पोरांना मुंबईआधी एक शहर मिळालं. नामांतराच्या लढ्याला लागणारे शिकलेले हात तिथूनच आले.

कर्जत-खोपोलीला असं काय आहे? वसतिगृह, पदव्युत्तर शिक्षण, अवघड बाळंतपण निभावणारं रुग्णालय, कंत्राटी नसलेली नोकरी आणि गरिबाला परवडणारं भाड्याचं घर, यांची मागणी आपण किती मोर्चांत केली? मोठ्या गृहप्रकल्पात २० टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याचा नियम राज्याने २०१३ ला आणला, तो दहा लाखांवरच्या महापालिकांपुरता. म्हणजे बिल्डर जिथे मोकाट सुटणार होते, तीच लहान शहरं वगळली.

विकास आराखड्यावर हरकती-सूचना मागवतात तेव्हा अर्ज घेऊन जातात ते जमीनमालक आणि त्यांचे वकील. २० मार्चला महाडला गाड्या भरून जाणारी आपली पोरं तिथे दिसत नाहीत. त्यांनी नगर परिषदेत जावं, नकाशा उघडायला लावावा, आणि शाळा, दवाखाना, बेघरांची घरं यांची आरक्षणं कुठे टाकलीत, कोणती उठवलीत, ते विचारावं. नकाशात आपल्या वाडीचा गट क्रमांक कसा शोधायचा हे कळत नसेल, तर रविवारी विहारात वंदना झाली की मी बसायला तयार आहे. सातबारा सोबत आणा.