शेवटचा फोन किती वाजता लावला?

२०२१च्या एप्रिलपर्यंत गाझियाबादच्या इंदिरापुरममधल्या आम्हा मराठी मंडळींचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे गणपतीची वर्गणी, कोकणातून येणाऱ्या हापूसच्या पेट्या आणि सुप्रभात. १९ एप्रिलच्या रात्री दिल्लीत लॉकडाऊन लागला आणि पाहता पाहता ग्रुपवर ‘ऑक्सिजन ८२, बेड हवा’ असे निरोप धडकू लागले. सुप्रभात बंद पडलं.

निरोपांमागोमाग नंबरांच्या याद्या आल्या. कितीतरी फोन बंद, काही ‘आधी पैसे टाका’ म्हणणारे. मग यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीच्या राजेंद्रनगरात राहिलेली आणि कोरोनामुळे गावी परतलेली काही मुलं पुढे झाली. जळगाव, लातूरकडे घरी बसून ती दिल्ली-नोएडातल्या इस्पितळांना फोन लावत आणि मिळालेल्या उत्तरापुढे वेळ लिहीत: ‘दुपारी ३.४०, एक बेड, व्हेंटिलेटर नाही.’ सव्वाचारला तोही गेलेला असे. तरी उपयोग व्हायचा. धापा टाकणाऱ्या माणसाला घेऊन कुठे जायचं नाही, एवढं तरी कळायचं.

माझ्याकडे सिलिंडर भरून देणाऱ्यांची चौकशी होती. इंदिरापुरमच्या गुरुद्वाऱ्याबाहेर तेव्हा ऑक्सिजनचा लंगर लागला होता. गाडीत बसल्या जागी रुग्णाला नळी लावत. बेड मिळेपर्यंत तेवढाच आधार. लांबलांबून लोक तिथे पोचत ते फोनवरचा निरोप वाचूनच.

एका संध्याकाळी पुण्याहून बहिणीने एक निरोप पाठवला. ‘तुमच्याकडचाच दिसतोय, बघ.’ पत्ता आमच्याच इमारतीचा, आमच्या दोन मजले खालचा! लिफ्टमध्ये रोज नमस्कार होत असे त्या आजोबांसाठी त्यांचा मुलगा सिलिंडर शोधत होता, आणि मला ते पुण्यामार्गे कळलं. सिलिंडर मिळाला, पण आजोबा दुसऱ्या दिवशी गेले. निरोप मात्र फिरतच राहिला. तेराव्यापर्यंत त्या मुलाला कुठकुठल्या अनोळखी माणसांचे फोन येत होते: ‘सिलिंडर आहे, पाठवू का?’ चांगली माणसं होती बिचारी. प्रत्येकाला तो तेच सांगायचा.

समाजमाध्यमांवर मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई केली तर तो न्यायालयाचा अवमान समजू, असं ३० एप्रिलला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने बजावलं. बरंच झालं. पण मागितलेली मदत मिळाली की थांबा म्हणणं, हे कुठलं न्यायालय शिकवणार?

ग्रुपवर सुप्रभात कधीच परतलंय. फोन करून खात्री करण्याची सवय मात्र त्या उन्हाळ्याबरोबर गेली. परवाच ‘तातडीने रक्त हवे’ असा निरोप आला. ना तारीख, ना वेळ. मी नंबर लावला. गरज केव्हाच भागली होती. म्हणून एवढंच करा: असा निरोप पाठवताना तारीख-वेळ घाला, पुढे ढकलण्याआधी एकदा फोन लावा, आणि काम झालं की त्याच ग्रुपवर लिहा, ‘मिळालं, आता फोन नकोत.’