झोळी पसरण्याआधी



तुमच्या मोबाइलवर असा निरोप एकदा तरी आलाच असेल. नळ्या लावलेले लहान मूल, शेजारी डोळे पुसणारी आई आणि खाली ओळ : 'याला वाचवा, एवढे लाख कमी पडत आहेत.' आपण क्षणभर थांबतो, जमेल ते शंभर-दोनशे पाठवतो, नाहीतर निरोप पुढे ढकलून कामाला लागतो. आजवर हे निरोप मुंबई-पुण्याकडून येत. आता ते आपल्या गावांतूनही निघू लागले आहेत. मी शेती खात्यातला माणूस, बी.एस्सी. (कृषी). केळापूर तालुक्यात बोंडअळीचे कामगंध सापळे लावता लावता लोकांच्या ओसरीवर बसणे होते, आणि ओसरीवर शेतीखेरीजही पुष्कळ गोष्टी निघतात. त्यातलीच ही एक.

या प्रकाराची कीर्ती कशामुळे झाली ते आधी सांगतो. २०२१ सालच्या सुरुवातीला मुंबईतल्या एका पाच-सहा महिन्यांच्या मुलीसाठी तिच्या आई-वडिलांनी इंटरनेटवरून लोकांकडे मदत मागितली. तिला स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी नावाचा दुर्मिळ आजार होता. यात जन्मतःच एका जनुकात दोष असतो. त्यामुळे पाठीच्या कण्यातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मरत जातात. मूल मान धरत नाही, गिळू शकत नाही, पुढे श्वासही अडतो. यावरचे झोलजेन्स्मा हे इंजेक्शन अमेरिकेहून आणावे लागते आणि त्याची किंमत होती सुमारे १६ कोटी रुपये. हजारो अनोळखी लोकांनी मिळून एवढी रक्कम उभी केली. आयात कर आणि जीएसटी मिळून आणखी सुमारे सहा कोटी लागले असते, ते केंद्र सरकारने माफ केले. २६ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या रुग्णालयात त्या मुलीला इंजेक्शन मिळाले.

सोळा कोटी म्हणजे किती, हे मी आपल्या हिशेबाने मोजून पाहिले. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. म्हणजे जवळपास वीस हजार क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरला तर चार हजार एकरांचे पीक एका इंजेक्शनात!

त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका चिमुरडीसाठीही लोकांनी असेच कोट्यवधी रुपये जमवले. तिला जूनमध्ये इंजेक्शन मिळाले. ऑगस्टच्या पहिल्याच दिवशी ती गेली. हे लिहिताना जीव जड होतो, पण पहिली बातमी जितकी घरोघर पोचली तितकी ही पोचली नाही, म्हणून सांगितले. पैसा जमला म्हणजे मूल बरे झाले, असे समीकरण नाही.

पहिली बातमी मात्र गावोगावच्या शिकलेल्या पोरांच्या डोक्यात पक्की बसली. आमच्याकडे काय झाले ते ऐका. नाव-गाव सांगत नाही, सांगण्याचे कारणही नाही. पाटणबोरीच्या बाजूला चार एकर कोरडवाहू असलेले एक कुटुंब आहे. त्यांच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. सव्वातीन वर्षांची होईपर्यंत घरचे म्हणत, 'तिचा बापही उशिरा बोलला.' एकदा तिच्या पाठीमागे जर्मनचे गंज पडले, सारे दचकले, ही ढिम्म. तेव्हा उलगडा झाला. नागपूरच्या एका खाजगी डॉक्टरने कानात बसवायच्या यंत्राचा आणि ऑपरेशनचा खर्च आठ लाखांच्या घरात सांगितला. पुण्यात नोकरीला असलेला चुलतभाऊ म्हणाला, "काका, काळजी करू नका, ऑनलाइन टाकू."

ऑनलाइन टाकायचे म्हणजे काय, हेही समजून घेऊ. केटो, मिलाप, इम्पॅक्ट गुरू अशी काही संकेतस्थळे आहेत. तिथे मुलाची माहिती, डॉक्टरांचे खर्चाचे पत्र, आधार आणि फोटो द्यावे लागतात. मग एक पान तयार होते. ते आपणच ओळखीच्यांना पाठवायचे, त्यांनी पुढे पाठवायचे. जमलेला पैसा बहुधा रुग्णालयाच्या बिलापोटी दिला जातो. संकेतस्थळाचे शुल्क कुठे टक्क्यांनी कापले जाते, कुठे देणाऱ्याकडूनच वरखुशी मागतात, शिवाय पैसे वळते करण्याचा खर्च असतो. जाहिरात करून हवी असेल तर त्याचा हिशेब निराळा. हे सारे आधी लेखी विचारून घ्यावे. बियाण्याच्या पिशवीवरची बारीक अक्षरे वाचायची सवय आपल्याला नसते, पण इथे ती लावून घ्यावी.

पानासाठी चित्रफीत करायला चुलतभावाचा एक मित्र आला. मी त्या दिवशी शेजारच्या वावरात होतो, पाणी प्यायला म्हणून गेलो. पोर अंगणात कोंबडीच्या पिलांमागे धावत होती. मित्र म्हणाला, मूल रडत असेल तर लोक जास्त देतात. आई चुलीजवळून म्हणाली, "ते रडत नाही जी, खेळते. रडवू कायले?" आणि तिने ते होऊ दिले नाही. शेवटी खेळतानाचाच फोटो टाकला.

पान निघाले सप्टेंबरात. आता तुम्हीच सांगा, सप्टेंबरात केळापूर तालुक्यात कोणाच्या खिशात पैसा असतो? कापूस बोंडात, सोयाबीन शेंगेत, आणि खत-फवारणीची उधारी दुकानात. सगेसोयरे, सोयऱ्यांचे सोयरे सारे कापूसवालेच. मुंबईच्या त्या आई-वडिलांचा गोतावळा शहरातला, इंग्रजी जाणणारा. त्यांची गोष्ट वर्तमानपत्रांनी उचलली, पुढाऱ्यांनी पत्रे लिहिली. इथे निरोप पांढरकवड्याच्या पलीकडे गेला तो चुलतभावाच्या कचेरीपर्यंतच. आठ महिन्यांत एकेचाळीस हजार जमले. लोक वाईट होते असे नाही. मागणारा आणि देणारा एकाच खळ्यावरचे असले की रास मोठी होत नाही.

मला रुखरुख लागते ती त्या आठ महिन्यांची. पैसे थांबले म्हणून थांबता येते, मुलाचे वय थांबत नाही. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाच्या मेंदूत आवाज ओळखण्याची तयारी पहिल्या काही वर्षांतच होते. यंत्र जितके लवकर बसेल तितकी भाषा येते. उशीर झाला तर यंत्र ऐकवते, पण मेंदूला त्या आवाजाचा अर्थ लावणे फार जड जाते. मृगाची पेरणी पोळ्याला केली तर झाडे उगवतील, पण बोंडे धरतील का?

आणि गंमत म्हणा की दुर्दैव, या यंत्रासाठी झोळी पसरण्याची गरजच नव्हती. केंद्र सरकारची एडिप नावाची योजना आहे. अपंगांना, आता सरकारदरबारी दिव्यांग म्हणतात, साधने देणारी. २०१४ पासून तिच्यात कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे हेच कानातले यंत्र, समाविष्ट आहे आणि तेव्हाच्या नियमांत एका यंत्रामागे सहा लाख रुपयांपर्यंत तरतूद केलेली होती. मुंबईच्या वांद्र्याची अली यावर जंग संस्था हे काम पाहते. अट दोन गोष्टींची : घरचे उत्पन्न मर्यादेत हवे आणि जन्मतः बहिऱ्या मुलाचे वय पाच वर्षांच्या आत हवे. उत्पन्नाची अट आपल्यापैकी बहुतेकांना सहज लागू होते. वयाची अट मात्र रोज एक एक दिवसाने हुकत असते.

हे त्या घरी कळले ते अंगणवाडीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे डॉक्टरांचे पथक वर्षातून दोनदा प्रत्येक अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येते. २०१३ पासून हा कार्यक्रम चालू आहे. जन्मजात व्यंग, वाढ खुंटणे, ऐकू न येणे, तिरळे डोळे, वाकडे पाय, हृदयाला छिद्र, सारे तपासतात, आणि पुढचे उपचार सरकारी खर्चाने होतात. पथक येते त्या दिवशी मुलाला 'आज पाहुणे आले', 'आज वेचणी आहे' म्हणून घरी ठेवणारे आईबाप मी पाहिले आहेत. वेचणी दुसऱ्या दिवशी होते. पथक पुन्हा सहा महिन्यांनी येते.

मुलगी तेव्हा चार वर्षांची झाली होती. मग धावपळ. झोपेत कानाची तपासणी, ज्याला बेरा म्हणतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. आणि दिव्यांग प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र आता स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करूनच मिळते. अर्ज सेवा केंद्रातून भरावा आणि तपासणीला नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात जावे. एका कागदावर आईचे नाव आधारपेक्षा वेगळे निघाले, त्यात तीन आठवडे गेले. म्हणून सांगतो, जन्मदाखला, आधार आणि शिधापत्रिका यांवरची नावे आजच शेजारी ठेवून पाहा. ऑपरेशन झाले तेव्हा पोरीच्या पाचव्या वाढदिवसाला तीन महिने बाकी होते.

मी ऑनलाइन मदत मागण्याच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. सरकारची योजनाच नाही, किंवा आहे ती पुरत नाही, तिथे माणसाने माणसापुढे हात पसरला तर त्यात कमीपणा कसला? सोळा कोटी कोणत्या योजनेतून येणार होते? दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले, २०२२ पासून त्यात एका रुग्णाला ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते, आणि मुंबईचे केईएम रुग्णालय त्याच्या केंद्रांपैकी एक आहे. आजार त्या यादीतला असेल तर पहिली चौकशी तिथे. खुद्द सरकारनेही या आजारांसाठी वर्गणीचे संकेतस्थळ काढले. आणि एक चांगली बातमीही आहे. त्याच स्नायूंच्या आजारावरच्या रिसडिप्लाम या पिण्याच्या औषधाची देशी बाटली न्यायालयातली लढाई जिंकून ऑक्टोबर २०२५ मध्ये १५,९०० रुपयांना बाजारात आली. परदेशी बाटली सहा लाखांच्या घरात होती. औषध आयुष्यभर घ्यावे लागते, तेव्हा हा खर्चही लहान नाही. पण लाखाचे हजार झाले ते वर्गणीने नव्हे.

हात पसरायचाच असेल तर खाते मुलाच्या आई-वडिलांचे नाहीतर रुग्णालयाचे असावे. पुतण्या कितीही गुणाचा असला तरी त्याचे नसावे. नेमका किती खर्च, त्यातला योजनेतून किती मिळाला, हे खरे लिहावे. आणि दुसऱ्याच्या निरोपावर पैसे पाठवताना रुग्णालयात फोन करून विचारावे, कारण खऱ्या मुलाचा फोटो घेऊन खाली खाते आपले टाकणारे भामटे आहेत. फसलात तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करा. मुलाचा फोटोही विचार करून द्या. तो एकदा बाहेर गेला की मूल शाळेत जाईल, लग्नाचे होईल, तरी फिरतच राहतो.

आता राहिला तो खर्च, ज्याच्यासाठी कोणी पान काढत नाही. ऑपरेशननंतर त्या पोरीला ऐकायला शिकवावे लागते. यंत्र बसले म्हणजे दुसऱ्या दिवशी बोलली असे होत नाही. आवाज म्हणजे काय इथपासून सुरुवात. आठवड्याला नागपूर. पांढरकवड्याहून दीडशे किलोमीटरच्या आसपास. दिव्यांगांना एसटीत ७५ टक्के सवलत आहे आणि मार्च २०२३ पासून आईला अर्धे तिकीट, म्हणून निभते. पण आईची त्या दिवसाची मजुरी बुडते. जमलेल्या एकेचाळीस हजारांतून शुल्क वजा जाता जे उरले ते तपासण्यांत संपले.

इथे गाव कामाला आले. पूर्वी एकाचे वावर नांगरायचे राहिले की सारे जण औत घेऊन जात, इर्जिक करीत. तशीच चार बायांनी पाळी लावली. जिची पाळी ती त्या दिवशी त्यांच्या वावरात निंदते, आई नागपूरला जाते. पैसा एकही नाही, पण वर्षभर खाडा नाही.

परवा गेलो तेव्हा आई पोरीला पाठमोरी बसवून, स्वतः तोंडावर पदर धरून एकेक शब्द म्हणत होती. ओठ दिसू नयेत, कानानेच ओळखावे म्हणून. "गाय" म्हटले की पोरीने गोठ्याकडे बोट करायचे. तीनदा बरोबर केले, चौथ्यांदा माझ्या टोपीकडे बोट करून हसली. पण यंत्राची बाहेरची वायर तुटायला आली आहे. ती कंपनीचीच घ्यावी लागते आणि किंमत हजारांत. चुलतभाऊ पुन्हा पान काढू म्हणतो.

ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, हे सरपंचांना ठाऊक होते. मागायला मात्र आजवर कोणी आले नव्हते. मी बापाला अर्ज लिहून दिला आहे, वायरीच्या किमतीचे पत्रक जोडून. विषय येत्या ग्रामसभेत आहे. त्या चौघी बायाही येणार म्हणाल्या आहेत.