सायीपासून बेरीपर्यंत

ज्या घरात रोज लिटर-दीड लिटर म्हशीचं दूध येतं, त्या घरात आठवड्या-पंधरवड्यातून एकदा तूप कढतं. कॅलेंडरच्या चौकटीत दूधवाल्याचे खाडे मांडलेले असतात, गॅसचा नंबर लावल्याची तारीख असते; तुपाचा दिवस मात्र कोणी लिहून ठेवत नाही. फ्रिजमधला सायीचा डबा भरला, झाकण नीट बसेना झालं, की दिवस आपोआप ठरतो. बहुतेक घरी तो रविवार असतो. त्या दिवशी मदतीला हात जास्त असतात आणि बेरी खायला तोंडंही.

या सगळ्याची सुरुवात दूध तापवण्यापासून होते. "जरा दुधाकडे बघ गं" हे वाक्य मराठी घरात जितक्या वेळा उच्चारलं जातं, तितकं क्वचितच दुसरं कुठलं. दूध तापू लागलं की त्यातली प्रथिनं आणि स्निग्धांश मिळून वर एक पातळ पापुद्रा धरतात. खालची वाफ त्याच्याखाली अडकते आणि पापुद्र्याला उचलत उचलत कडेवरून बाहेर काढते. हे व्हायला काही क्षणच लागतात, आणि नेमका त्याच वेळी फोन वाजतो किंवा दाराची बेल. म्हणून दुधापाशी एक माणूस उभं राहतं. त्या पाच-सात मिनिटांत त्याला दुसरं काही करता येत नाही, आणि दिवसभरातली ही सक्तीची उसंत पुष्कळांना मनापासून आवडते. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचं वाळवण दिसतं, रेडिओवरचं अर्धं गाणं कानावर पडतं, आणि मग पातेल्याच्या कडेनं पहिली बुडबुड सुरू होते.

चांगली साय धरायची तर उकळी आल्यावर गॅस बारीक करून दूध आणखी थोडा वेळ आटू द्यावं लागतं. मग वर घट्ट झाकण न ठेवता जाळी ठेवायची, पूर्ण निवलं की फ्रिजमध्ये टाकायचं. म्हशीच्या दुधात साधारण 6 ते 8 टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधात साडेतीन ते साडेचार टक्के. रात्रभरात तो वर येऊन बसतो. सकाळी पातेल्याच्या कडेनं सुरी फिरवली की साय भाकरीसारखी अख्खी उचलली जाते, आणि तिच्या खालच्या बाजूला दुधाचे दोन थेंब लोंबत असतात. ती डब्यात जाईपर्यंत मध्ये कुणाची तरी वाटी आडवी येतेच. गरम पोळीवर साय, वर चमचाभर साखर, पोळीची गुंडाळी: शाळेला निघालेल्या मुलाच्या हातात देण्याजोगा याहून सोपा खाऊ नाही. आजी-आजोबा नातवंडांना 'दुधावरची साय' म्हणतात ते काही उगाच नाही.

सगळ्याच दुधाला अशी साय येत नाही. पिशवीवरचं बारीक अक्षर वाचलं तर कारण कळतं. 'फुल क्रीम' दुधात किमान 6 टक्के स्निग्धांश असावा लागतो, 'स्टँडर्डाइज्ड'मध्ये साडेचार, 'टोण्ड'मध्ये 3. हे टोण्ड दूध मुंबईचंच. म्हशीच्या दाट दुधात दुधाची भुकटी आणि पाणी मिसळून ते जास्त लोकांना, कमी दरात पुरवण्याची ही युक्ती दारा खुरोडी यांनी 1946 मध्ये अमलात आणली. शहरातल्या गोठ्यांमधली जनावरं बाहेर हलवून वसवलेल्या आरे वसाहतीमागेही तेच होते. वसाहतीचं उद्घाटन 1951 मध्ये पंडित नेहरूंनी केलं, आणि 1963 मध्ये खुरोडींना वर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पहाटे कार्ड घेऊन आरेच्या केंद्रावर रांग लावायची आणि पातळ पत्र्याच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या घेऊन यायच्या, ही मुंबईच्या कितीतरी घरांची कैक वर्षांची सकाळ होती. त्या बाटलीच्या झाकणाला आतून चिकटलेली साय बोटानं चाटून घेण्यावरून भावंडांत भांडणं व्हायची.

आता खोक्यात मिळणाऱ्या दुधाचं आणखी वेगळं. त्यातले स्निग्धांशाचे कण यंत्रात दाब देऊन इतके बारीक केलेले असतात की ते वर येतच नाहीत. ते दूध प्यायला उत्तम, टिकायलाही चांगलं, पण सायीची वाट बघणाऱ्याची ते निराशा करतं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला कोल्हापूर. तिथल्या दूध कट्ट्यावर संध्याकाळी म्हैस समोर उभी करून धार काढतात आणि फेसाळ पेला तसाच हातात देतात. तूप घरी करणाऱ्यांना कोल्हापूरकरांचा हेवा वाटला तर त्यात नवल नाही.

डब्यात पहिल्या दिवशीची साय पडली की तिला चमचाभर दही लावतात. विरजण हा शेजारधर्माचा शेवटचा पक्का धागा. साखर-चहा उसना मागायला आता लोक संकोचतात, विरजण मात्र अजूनही बिनधास्त मागितलं जातं. त्याचा हिशेब नसतो, परतफेड नसते. पुष्कळ घरांत दिवेलागणीनंतर दूध-दही बाहेर देत नाहीत, म्हणून मागायला येणारी बाई सूर्य मावळायच्या आत वाटी घेऊन येते. कुणाकडेच मिळालं नाही तर हिरव्या मिरचीचे देठ कोमट दुधात टाकून ठेवतात. देठांवरचे जिवाणू दही लावण्याचं काम करतात. एका इमारतीत वर्षानुवर्षं राहणाऱ्या घरांमधून एकच विरजण फिरत राहतं. तळमजल्यावरचं दही आणि चौथ्या मजल्यावरचं दही एकाच चवीचं लागतं, ते यामुळे.

रविवारी सकाळी डबा बाहेर निघतो.

घुसळखांबाला दोरीनं बांधलेली मोठी रवी आता गावाकडच्या जुन्या घरांत तेवढी दिसते. शहरात दोन तळव्यांमध्ये फिरवायची लहान रवी असते, नाहीतर सरळ मिक्सर. साधन कुठलंही असो, आतली गोष्ट एकच घडते. सुरुवातीला साय हवा धरते, फुगते, भांड्याच्या काठापर्यंत येते. मग घट्ट होते आणि हात जड पडू लागतो. नवख्याला वाटतं, आता काही लोणी येत नाही. याच टप्प्यावर "आलं का लोणी?" असा प्रश्न बाहेरच्या खोलीतून येतो आणि घुसळणारं माणूस वैतागतं. आणखी थोडा वेळ घुसळलं की आवाज बदलतो. इतका वेळ येणारा दबका आवाज जाऊन पाण्यात काही तरी आपटल्यासारखा मोकळा, डुचमळणारा आवाज येतो. स्निग्धांशाच्या कणांभोवतीचं कवच फुटून ते एकमेकांना चिकटलेले असतात, आणि त्यांनी धरून ठेवलेलं ताक सुटं झालेलं असतं. वर पिवळसर किंवा पांढरे दाणे तरंगायला लागतात. ज्यानं एकदा हा आवाज ऐकला, त्याला भांड्यात डोकावावंही लागत नाही.

हवामानाचा इथे मोठा संबंध आहे. वैशाखात लोणी पातळ होऊन ताकातच विरघळल्यासारखं होतं, म्हणून बर्फाचे खडे टाकतात. पौषात ते कण कडक राहतात, एकत्र येत नाहीत, तेव्हा कोमट पाण्याचा हबका मारतात. किती पाणी, किती कोमट, हे कुठल्याही पुस्तकातल्या मापानं सांगता येत नाही. ते घुसळणाऱ्या हाताला कळतं. आलेला गोळा ओंजळीत घेऊन दोन-तीन पाण्यांनी धुवायचा, पाणी नितळ निघेपर्यंत. लोण्यात ताक राहिलं तर तुपाला आंबूस वास येतो. थालीपीठ तव्यावर असेल तर यातला सुपारीएवढा गोळा त्याच्या मधल्या भोकाशी ठेवला जातो आणि पसरत जातो. ज्या घरात लोणी आणि थालीपीठ एकाच सकाळी जमवून आणतात, त्या घराची आखणी चांगली म्हणायची.

उरलेलं ताक वाया जात नाही. दुपारी त्याची कढी होते, नाहीतर आलं-कोथिंबीर लावून मठ्ठा. फार आंबट असेल तर ताकातलं पिठलं.

मग लोणी जाड बुडाच्या पातेल्यात चढतं. लोण्यात सुमारे 80 टक्के स्निग्धांश आणि बाकी बहुतेक पाणी असतं. आधी ते पाणी जातं, आणि ते गोंगाट करत जातं: कडकड, तडतड, वर पांढरा फेस. पाणी संपत आलं की स्वयंपाकघर शांत होतं. इथून पुढे पातेल्यापाशीच उभं राहायला हवं. तळाशी बसलेली प्रथिनं आणि दुधातली साखर तापून तांबूस होतात आणि तो वास सुटतो, जिन्यात पोचणारा, शेजारच्या दाराखालून आत शिरणारा. पावाचा वरचा पापुद्रा ज्या क्रियेनं खरपूस होतो तीच ही क्रिया. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामिय मायार यांनी 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. घरातल्या बाईला मायार माहीत असण्याचं कारण नाही, पण खरपूस आणि करपट यांच्यामधलं मिनिटभराचं अंतर तिला नेमकं ठाऊक असतं. बेरी बदामी दिसली की ती गॅस बंद करते, कारण पातेल्याच्या तापानं पुढचं काम होणारच असतं.

तूप झालं की नाही हे बघायच्या घरोघरच्या रीती वेगळ्या. कुणी पाण्याचा एक थेंब शिंपडून 'चर्र' ऐकतं. कुणी विड्याचं पान सोडतं; ते आक्रसून कुरकुरीत झालं की तूप कढलं. ते तळलेलं पान कोण खाणार हेही बऱ्याच घरांत आधीच ठरलेलं असतं. काही जणी मिठाचे दोन खडे टाकतात, तूप रवाळ व्हावं म्हणून. रवाळपणाचा खरा भरवसा मात्र सावकाश निवण्यावर असतो. गडबडीनं फ्रिजमध्ये ठेवलेल्या तुपात मोठे कण धरत नाहीत. रंगाचं म्हणाल तर गाईच्या तुपाचा पिवळेपणा चाऱ्यातल्या कॅरोटिनमुळे येतो. म्हैस त्याचं जीवनसत्त्व 'अ' करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं.

परदेशी गेलेल्यांनाही या वासावाचून करमत नाही. अमेरिकेत दुकानातलं दूध बहुधा साय न धरणारंच असतं. तिथली मराठी घरं बिनमिठाच्या लोण्याच्या कांड्या आणतात. चार कांड्यांचं एक पौंड. विरजण नाही, रवी नाही, ताकही नाही. पण पातेलं तेच आणि तडतड तीच, आणि त्या घरातल्या, मराठी जेमतेम बोलणाऱ्या मुलांनाही 'बेरी' हा शब्द पक्का येतो.

तूप गाळून बरणीत गेलं की सगळे बेरीकडे वळतात. गरम बेरीवर दोन चमचे साखर किंवा किसलेला गूळ घालून ढवळलं की काम झालं. एका आठवड्याच्या सायीची बेरी निघते ती फार तर वाटीभर, आणि खाणारे चार-पाच. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन चमचे येतात. ती पुरत नाही म्हणूनच तिची आठवण राहते. त्यानंतर तुपकट पातेल्यात गरम भात टाकून, मीठ घालून परतायचा. हा भात ताटात वाढून घ्यायचा नसतो, पातेल्याभोवती बसून खायचा असतो. ज्या आईनं एरवी सगळ्यांना वाढून शेवटी जेवायचं, तीही इथे सगळ्यांच्या बरोबरीनं हात घालते.

या सुखात एक अडचण आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. साय काढणं, विरजण लावणं, घुसळणं, लोणी धुणं, कढवणं आणि शेवटी तुपकट भांडी घासणं, ही सारी कामं अजूनही बहुतेक घरांत एकाच बाईच्या वाट्याला येतात. बाकीचे उगवतात ते बेरीच्या वेळी. नोकरीवरून दमून आलेल्या बाईनं तुपाची बरणी विकत आणली तर तिला नावं ठेवायचा अधिकार कुणालाही नाही. विकतचं तूपही चांगलं मिळतं. घरच्या तुपाचं कौतुक ज्याला करायचं असेल, त्यानं आधी रवी हातात घ्यावी.

तेव्हा घरात साय धरणारं दूध येत असेल तर येत्या आठवड्याची साय साठवून बघा. घुसळायचं काम घरातल्या पुरुषांकडे द्या, बर्फाचे खडे टाकायचं मुलांकडे द्या, पातेलं घासायची पाळी आधीच ठरवून टाका. आणि बेरी वाटताना पहिला चमचा त्या दिवशी जिनं किंवा ज्यानं तूप कढवलं असेल तिला किंवा त्याला द्या.