आक्षीच्या किनाऱ्यावरील निरोप

वसंत म्हटला की आपणांस कोकिळेची आठवण होते. समुद्रकाठचा वसंत मात्र निरोपाचा असतो. हिवाळाभर आपल्या पुळणींवर वस्तीला असलेले पक्षी चैत्र लागताच उत्तरेच्या वाटेला लागतात. त्यांची ही निघण्याची लगबग पाहावी म्हणून आम्ही सहकुटुंब अलिबागजवळच्या आक्षीस गेलो.

मुंबईहून मांडव्यापर्यंत लाँचने आणि पुढे मोटारीने. वाटेत किहीमचा फाटा लागला. याच किहीमला १९३० साली सालिम अली यांनी सुगरण पक्ष्याच्या विणीचे बारकाईने निरीक्षण केले. मुक्काम अलिबागेस केला. भरतीची वेळ विचारली तेव्हा घरमालकांनी पंचांग काढले नाही. ते म्हणाले, "उद्या द्वादशी. तिथीची पाऊणपट करा, म्हणजे भरती नऊला." कोकणातला हा हिशेब शहरी माणसाने अवश्य पाठ करावा; कारण भरतीचे पाणी चढू लागले की दूर चिखलात विखुरलेले पक्षी आपोआप काठाकडे सरकतात.

सकाळी साडेसहाला सुरूच्या बनातून आम्ही पुळणीवर उतरलो. प्रथम काहीच दिसेना. मग वाळूच चालू लागली! चिखल्यांचा थवा होता तो. थोडे धावावे, थबकावे, टोच मारावी आणि पुन्हा धावावे, अशी त्यांची रीत. हिवाळ्यात मळकट दिसणाऱ्या या पक्ष्यांच्या छातीवर आता तांबूस पट्टा उमटला होता. हे लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर अंडी घालणारे. त्यांच्याजवळच बाकदार चोचीचे तुतवार होते. काही अजून राखी, काही अर्धे रंगलेले, तर एकदोन विटेसारखे लालभडक. वजन शंभर ग्रॅमदेखील न भरणारा हा जीव सैबेरियाच्या उत्तर टोकाला जाऊन वीण करतो, हे सांगितल्यावर आमच्या मुलीने दुर्बीण खाली ठेवून नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिले.

पलीकडे लांब चोचीचे दोन पाणटिवळे उभे होते. त्यांच्या एका भाईबंदाने २०२२ साली अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटरचे अंतर अकरा दिवसांत, कोठेही न उतरता तोडल्याची नोंद आहे. तो पक्षी अवघा पाच महिन्यांचा होता.

एवढ्या प्रवासाची शिदोरी म्हणजे अंगातली चरबी, आणि ती जमते या चिखलातल्या किड्यांवर व शिंपल्यांवर. म्हणूनच पुढचा प्रसंग मनाला लागला. आमचा धाकटा चिरंजीव हर्षाच्या भरात थव्याकडे धावला आणि सारे पक्षी भुर्रकन उडाले. दृश्य सुंदर होते, हे कबूल केले पाहिजे. ते पुन्हा उतरतात न उतरतात तोच एक मोटार ओल्या वाळूवरून वेगाने गेली. मग कुत्री धावली. तासाभरात थवा पाच वेळा उठला. तिसऱ्या वेचणारी एक वृद्ध कोळीण हे पाहत होती. ती मुलाला म्हणाली, "बाळा, जेवत्या पानावरून कुणाला उठवतात का रे?" मुलगा ओशाळला. खरे तर मीही ओशाळलो, कारण त्याला अडवण्याचे काम माझे होते.

हा बाकदार चोचीचा तुतवार २०२४ साली जागतिक यादीत संकटग्रस्तांच्या गटात आणखी एक पायरी वर सरकला आहे. लहानपणी आम्हीही मौजेखातर थवे उडवीत असू. तेव्हा असले काही मनात येत नसे.

नऊच्या सुमारास पाणी भरले. उरलेसुरले पक्षी वाळूच्या एका उंचवट्यावर गोळा झाले. कोणी एका पायावर उभा, कोणी चोच पिसांत खुपसून निजलेला. आम्ही सुरूच्या सावलीत बसून घरून आणलेले पोहे खाल्ले. चिरंजीव पोटावर पालथा पडून तुतवार मोजत होता. बेचाळीसपर्यंत आला की चुके, आणि पुन्हा एकपासून सुरू करी. पण जागचा मात्र हलला नाही.