"बॉक्स किती आणणार?"

मंडळी, आज नगरपरिषदेवर नाही लिहीत. पण विषय गावाचाच आहे.

आपल्याकडे कीबोर्ड वाजवणारी चार-पाच पोरं आहेत. मिरवणुका डीजेने कधीच नेल्या. उरलं भजन, हळद, बारसं, गॅदरिंग. म्हणजे शे-दीडशे माणसांचे कार्यक्रम. तिथंही यजमानाचा पहिला प्रश्न हाच, "बॉक्स किती आणणार?" काय वाजवणार, ते कुणी विचारत नाही. मग मानधनातला मोठा वाटा साउंडवाला आणि छोटा हत्ती घेऊन जातो.

त्यातल्या एकाने आता कर्ज काढून स्वतःचा स्पीकर घ्यायचं ठरवलं. आतच ॲम्प्लिफायर आणि बॅटरी असलेला, मोटारसायकलवर बांधून नेता येईल असा सात-आठ किलोचा. मलाही सोबत नेलं. दुकानदार आधी १५ इंची जोडीच दाखवत होता. वर भलेमोठे वॅट छापलेले. पण वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो जेमतेम ३ डेसिबल. पैसे मात्र दुप्पट, आणि वजन विचारूच नका.

पोरगं हुशार. स्वतःचा कीबोर्ड घेऊन आलं होतं. त्याच्या ६१ पट्ट्यांमधला सगळ्यात खालचा सा साधारण ६५ हर्ट्झचा. चांगल्या ८ इंची डब्यातून तो स्वच्छ येतो. (८८ पट्ट्यांचा पियानो असता तर २७ हर्ट्झपर्यंत उतरावं लागलं असतं, तिथं हा डबा हात टेकतो.) डाव्या हाताने बास, वर ढोलकीचा ठेका, दुसऱ्या चॅनलवर गाणारीचा माइक, तिन्ही एकदम लावून ऐकलं. एका डब्यात शब्द चिरकले, तो बाद. ब्लूटूथचं कौतुक त्याने ऐकूनच घेतलं नाही. पट्टी आत्ता दाबायची आणि सूर मागाहून यायचा, असं वाजवता येत नाही. वायरच लागते.

आता "एवढ्याशा डब्याने काय होणार" म्हणणाऱ्यांसाठी हिशेब. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ११० डेसिबल देणारा छोटा डबा पूर्ण सोडला, तर ३२ मीटरवर ८० च्या आसपास भरतो. आणि २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकर त्याहून जास्तीत जास्त १० ने वर, म्हणजे ६५. थोडक्यात, आपल्या देवळासमोरच्या पटांगणात हा "एवढासा" डबासुद्धा पूर्ण सोडला तर नियम मोडतो! मग त्या बॉक्सच्या भिंती कुणासाठी उभ्या करतो आपण? पलीकडच्या गल्लीतल्या आजारी माणसासाठी?

मागच्यांना ऐकू येत नाही ही तक्रार खरी असते, पण बहुतेक वेळा डबा जमिनीवर ठेवलेला असतो आणि पुढच्या रांगेची डोकी सगळा आवाज खातात. स्टँडवर, डोक्यांच्या वर चढवला की निम्मं काम होतं. स्टँडचे पैसे वाचवू नका, हे त्या पोरालाही सांगितलं. त्याने वाचवले नाहीत.

पहिला हप्ता पुढच्या महिन्यात आहे. हळदीच्या, बारशाच्या तारखा असतील तर इनबॉक्समध्ये सांगा, त्याचा नंबर पाठवतो. आणि मानधनात घासाघीस करताना साउंडचं भाडं वाचतंय तुमचं, तेवढं धरा.