कामाडो आणि बाबा

मंडळी, कामाडो म्हणजे जपानी चूल. आमच्या बॅकयार्डात कालच बसवलेलं सिरॅमिकचं धूड तिचंच वंशज! एकदा तापलं की लवकर निवत नाही, म्हणून हवी ती आच यायच्या जरा आधीच झडपा आवळायच्या. पहिले काही जाळ मंदच, १७५ अंश सेल्सिअसच्या आत. नाहीतर झाकणाच्या फेल्टच्या पट्टीचा गोंद सुटू शकतो. लायटर फ्लुइड तर अजिबात नको, वास मुरतो.

बाबा सध्या इथे आलेत. आई गेल्यापासून फारसं बोलत नाहीत. भरताची वांगी भाजून झाल्यावर मी वरखालच्या झडपा बंद केल्या. हवा तुटली की विस्तव विझतो, उरलेला कोळसा पुन्हा वापरता येतो.

"तुझी आजी निखारे मडक्यात झाकून ठेवायची, अस्संच," बाबा म्हणाले. मग आजीबद्दल बोलले, चुलीबद्दल... आणि शेवटी आईबद्दलही.