चावडीवरचा रेडिओ

त्याला जाग यायला वेळ लागायचा. शिपायाने कपाटाचं कुलूप काढून बटण पिरगाळलं, की आधी काचेमागे पिवळा उजेड पडायचा. मग आतले व्हॉल्व तापायचे, मग घसा खाकरल्यासारखी खरखर आणि त्यानंतर आवाज. तेवढ्या वेळात चावडीवरची तंबाखू, तपकीर, भाऊबंदकी सगळं थांबायचं. सातारा-सांगलीकडच्या गावांत दोघांचीच अशी वाट पाहिली जायची : तहसीलदारांची आणि रेडिओची. तहसीलदार कधी कधी यायचे नाहीत. हा ठरल्या मिनिटाला यायचाच.

थाट सरकारी नोकराचा. पोस्टात लायसन, दरसाल भरायची फी, कौलांवर ताणलेली तांब्याच्या जाळीची एरियल. वळवाच्या पावसात वीज कडाडली, की आधी त्याची एरियल सोडायची, मग गुरं आत घ्यायची. काटा फिरवायचा मान एकाच माणसाचा. पोराने हात लावलाच तर चारी बाजूंनी ओरडा : ‘आरं, स्टेशन हलंल की!’ पुढे ट्रान्झिस्टर होऊन तो चामड्याच्या पिशवीत शिरला, बांधावर गेला, विहिरीच्या थारोळ्यापाशी बाभळीला लटकला. सेल मंदावले की त्यांच्यासकट ऊन खात पडायचा. पण बोलण्यातली इस्त्री तिथेही मोडली नाही. उसाला पाणी चाललेलं असो की शेणाची पाटी चाललेली असो, हा दिल्लीच्या नाहीतर पुण्याच्या शुद्ध मराठीतच बोलणार.

त्याची सगळ्यात चांगली सवय त्याला याच मुलखात लागली. १९५६ साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि तेव्हाचा उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं निवडली. फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम. गावातल्या मंडळींनी एकत्र बसून ऐकायचं, मग रेडिओ बंद करून त्यावर आपसांत बोलायचं आणि उरलेले प्रश्न पुण्याला लिहून पाठवायचे. उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून यायची. इतकी वर्षं वरून आदेशच ऐकलेल्या गावाला कुणीतरी ‘तुमचं काय म्हणणं?’ असं विचारलं, आणि विचारणारा होता हा लाकडी पेटीतला गृहस्थ. बोलून झालं की गप्प बसावं, हे तो तेव्हा शिकला. माझ्या मते त्याच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी कमाई.

एका बाबतीत मात्र त्याचा आवाज नकळत ताठ व्हायचा. २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, चीनने एकतर्फी युद्धबंदी केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. जन्म देवराष्ट्र्याचा, शिक्षण कऱ्हाडचं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं अवघा महाराष्ट्र म्हणाला. इथल्या चावडीवर त्या बातमीला घरच्या लग्नाची कळा होती. रेडिओ ‘श्री. चव्हाण’ म्हणायचा, ऐकणारे ‘सायेब’ म्हणायचे, आणि दोघांचा अर्थ एकच असायचा.

कारण देशाची सुरक्षा हा इथे लांबून चघळायचा विषय नव्हताच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याला लोक ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात एवढ्याशा गावचे ४६ जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली निघाली ती साताऱ्यात. अशा मुलखात सीमेवरची बातमी म्हणजे घरातल्या माणसाची खुशाली. सप्टेंबर १९६५ मध्ये लाहोरची आघाडी उघडली तेव्हा बायका चुलीवरचा तवा उतरवून दाराशी यायच्या. त्याला जवानांची नावं ठाऊक नसायची, नावं तारेने यायची. तो एवढंच सांगायचा, की आपल्या सैन्याने अमुक ठिकाणी आगेकूच केली. त्या आवाजात उसना जोश नसायचा, याचं मोल तारेची धास्ती घेऊन उभ्या राहिलेल्या आईला विचारावं.

अमेरिकेचं राजकारणही त्यानेच वेशीच्या आत आणलं. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशाचं युद्ध ऐन भरात असताना निक्सन यांनी सातव्या आरमारातली ‘एंटरप्राइज’ ही विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे धाडली. बातमी संपली, बटण बंद झालं आणि पारावर दुसरं केंद्र सुरू झालं. दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले मराठा पलटणीतले सुभेदार धोतर सावरून पुढे सरकायचे. ‘निक्सनला आपल्याशी काय वाकडं?’ असं कुणी विचारी, ‘त्याला पाकिस्तानची गरज लागलीया,’ असं दुसरा सांगे, आणि ‘जहाज येईस्तवर ढाका पडतंय का न्हाई बघा,’ यावर सुभेदार बैठक उठवत. १६ डिसेंबरला ढाका पडलं. त्या संध्याकाळी पेटीतल्या निवेदकाइतकाच सुभेदारांचाही मान होता.

गुणांबरोबर खोडही सांगायला हवी. तो भिडस्त आहे, आणि भिडस्तपणा कधी कधी अपराध ठरतो. मित्रराष्ट्रावर टीका करायची नाही, राजकीय पक्षावर नाव घेऊन हल्ला करायचा नाही, असं त्याची आचारसंहिताच सांगते. भांडखोरपणा टळावा म्हणून ती ठीक. पण जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि पुढे जवळजवळ एकवीस महिने तो धन्याचंच बोलला. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिराजींच्या मृत्यूची बातमी बीबीसीने कधीच दिली होती. याने संध्याकाळपर्यंत तोंड उघडलं नाही. खात्री करून बोलणं वेगळं आणि परवानगी मिळेपर्यंत थांबणं वेगळं. तेव्हा गावोगावची माणसं शॉर्टवेव्हवर काटा नेऊन, आवाज गटांगळ्या खात असताना, परक्याकडून आपल्या घरची खबर घेत होती. ज्याच्यावर जीव आहे त्याचीच ही गोष्ट बोलून दाखवायची असते.

अमेरिकेत त्याचा एक चुलतभाऊ आहे, अगदी उलट्या स्वभावाचा. वादाच्या विषयात दोन्ही बाजू ऐकवाव्यात, असा तिथला जुना नियम १९८७ साली उठला. पुढच्याच वर्षी उजव्या विचारांच्या रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. दुपारचे तीन तास, एकटा माणूस : कर, सरकार, सीमा, शत्रू, आणि या सगळ्यावर आपलं ठाम मत. त्यांचे चाहते स्वतःला अभिमानाने ‘डिटोहेड’ म्हणवत, म्हणजे ‘तुम्ही म्हणता तेच आमचं.’ २०२० साली ट्रम्प यांनी त्यांना तिथला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०२१ मध्ये ते गेले, पण त्यांनी पाडलेली वाट अजून वाहती आहे.

त्या चुलतभावाची किमया मी नाकारत नाही. मैलोन्मैल एकट्याने ट्रक हाकणाऱ्याला, शहरातली वर्तमानपत्रं आपल्याला खिजगणतीत धरत नाहीत असं वाटणाऱ्याला, त्याने आपलं माणूस भेटल्याचा धीर दिला. आमच्या रेडिओला हा धीर देता आला नाही. पण चुलतभाऊ मत शिजवून, वाढून, वर भरवतो. फोनवर श्रोत्याला बोलू देतो खरा. तो फोन कधी तोडायचा हे मात्र त्याच्याच हातात. पारावर कुणाला कुणाचा आवाज तोडता येत नसे. सुभेदारांचं पटलं नाही तर समोरचा तोंडावर सांगे, आणि उद्या पुन्हा त्यांच्याच शेजारी येऊन बसे.

पेटीतल्या गृहस्थाचं गोत्र पुढे वाढलं. सांगलीला १९६३ पासून स्वतःचं केंद्र आहे. पुण्याहून बातम्या सांगणाऱ्या सुधा नरवणे यांचे चिरंजीव मनोज नरवणे ३१ डिसेंबर २०१९ रोजी देशाचे लष्करप्रमुख झाले. म्हणजे सीमेवरची बातमी आणि घरची खुशाली इथे खरोखर एका उंबऱ्यावर आली. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी आहे, जत तालुक्यात जालिहाळला येरळावाणी आहे. ही नातवंडं आजोबांसारखी इस्त्रीचं बोलत नाहीत, माणदेशाच्या बोलीत शेळ्या, पाणी, आजार, ओव्या यांवर मोकळी बोलतात. फक्त स्वतःच्या बातम्या द्यायची त्यांना मुभा नाही. खासगी एफएमवाल्यांनाही २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्याच बातम्या जशाच्या तशा ऐकवायची परवानगी दिली, त्यापलीकडे काही नाही.

ही जागा रिकामी राहिली नाही. आता खिशातला मोबाइल बोलतो, आणि त्याचा गळा थेट त्या चुलतभावाचा आहे. सीमेवर गोळी सुटायच्या आत मत येऊन पडलेलं असतं. एकाच घरात चौघे चार कोपऱ्यांत चार निवेदक ऐकतात, आणि जेवताना एकमेकांशी काय बोलावं हे कुणाला सुचत नाही. ज्या मुलखातली पोरं अजून पलटणीत जातात, त्याने युद्धाची बातमी अशी एकेकट्याने ऐकावी, याचं मला फार वाईट वाटतं. नातवंडांना निर्भयपणे खरी बातमी देऊ द्या, एवढंच मागणं आहे. मत आमचं आम्ही घडवू.

आजोबांनी त्याची रीत घालून दिलेली आहेच. बातम्या संपायच्या. शिपाई उठून बटण पिरगाळायचा. टक्क. काचेमागचा पिवळा उजेड हळूहळू विझायचा, आणि अंधारातून कुणीतरी चंची उघडत विचारायचं, ‘मग? तुमचं काय म्हणणं हाय, सुभेदार?’